राजवीरचं खातं

बालवाडीच्या फाटकातच शालूबाईनं बयाबाईला बजावलं, "आत गेल्यावर तू काय बोलू नगंस. मंत्र्याची आज्जी मी हाय."

बालवाडीत पोरांचं मंत्रिमंडळ झालंय आणि चार वर्षांचा राजवीर त्यात मंत्री आहे, हे सगळ्या गल्लीला कळलं होतं. शालूबाईनंच कळवलं होतं. फक्त खातं कुठलं, ते पोरगं सांगत नव्हतं. खाऊ दाखवला, डोळे वटारले, तरी एकच, "लई काम असतंय, आज्जी." शालूबाईचे सासरे सरपंच, नवरा साखर कारखान्यावर डायरेक्टर. तेव्हा नातवाचं खातंही तसंच भारी असणार, असं शालूबाईनं धरून ठेवलं होतं. शेजारच्या बयाबाईला तिनं मुद्दाम बरोबर आणलं होतं. बघू दे की तिलाही जरा.

शाळा सुटायला आली होती. वर्गाच्या दाराबाहेर उन्हात राजवीर उकिडवा बसला होता आणि त्याच्या दोन्ही हातांत कुणाचीतरी पायताणं होती. एक जोड त्यानं रांगेत ठेवला, मागं सरून बघितला, परत जरा सरळ केला.

बयाबाईनं पदर तोंडाला लावला. "मंत्री घावला बघा, वैनी."

शालूबाई तशीच तरातरा उंबऱ्याच्या आत शिरली. "ओ टीचर!"

आतली पोरं दाराकडं बघायला लागली. अनुजा टीचर पुढं आल्या.

"आमच्या घरात आल्यागेल्याची पायताणं गडीमाणसं उचलत्यात. आनि तुमी मंत्री मंत्री म्हणून लेकराला ह्ये काम दिलंसा व्हय?"

"त्यानंच मागून घेतलंय, आज्जी. पाणी, बाग, डबे, सगळं देऊन बघितलं. नकोच म्हणाला." टीचरनी दाराबाहेर नजर टाकली. "तुम्हाला पटत नसेल तर उद्यापासून बदलते."

राजवीरचा हात तिथंच थांबला. खालचा ओठ पुढं आला, पण तो रडला नाही. आज्जीकडं बघत राहिला.

शालूबाईच्या तोंडावर 'बदला' आलंच होतं. पण ह्या पोराला त्या धुळीत घावलं तरी काय, हे कळल्याशिवाय तिला राहवेना. ती दाराशी आली, गुडघ्यावर हात ठेवून खाली वाकली.

"का रं? पायताणंच का?"

"सगळी एकदम पळत्यात आनि ढिगात शिरत्यात," राजवीर म्हणाला. "बारकी निशिगंधा खाली पडती. रोज रडत हुती. आता न्हाय पडत." मग त्याची नजर तिच्या पायांवर गेली. "तू आत कशी गेलीस पायताण घालून?"

घरात शालूबाईला असं विचारायची कुणाची छाती नव्हती. सुनांची तर नव्हतीच. बयाबाईनं पटकन आपली रबरी चप्पल काढली आणि मजा बघत उभी राहिली.

शालूबाईनं एकदा टीचरकडं बघितलं, एकदा नातवाकडं. मग एका पायातलं पायताण काढलं. दुसऱ्यातलंही काढलं.

राजवीरनं तिची गोंड्याची कोल्हापुरी उचलली आणि रांगेत सगळ्यात शेवटी, बयाबाईच्या रबरीच्या मागं, तोंड फाटकाकडं करून ठेवली.

घंटा झाली. पोरं ओळीनं बाहेर आली. निशिगंधानं खाली बसून उलट्या पायात चप्पल घातली. राजवीरनं ती काढायला लावली, अदलाबदल करून पुढं ठेवली आणि तिची तिला घालू दिली. तिचा पट्टा काही लागेना. मागची ओळ तशीच थांबली.

दुपारच्या उन्हानं फरशी चांगलीच तापली होती. बयाबाई कधी ह्या पायावर, कधी त्या पायावर.

"वैनी, पाय भाजाय लागलं की वो. नातवाला सांगा, आपली तेवढी आधी दे म्हनावं."

"गप हुबी ऱ्हा," शालूबाई म्हणाली. "मंत्री कामात हाय."