विहीणबाईंकडचे फोटो

"आजी, पेज उडवलं!" हिमानी किंचाळली, तशी सारजाबाईंच्या हातातली कळशी ओट्यावर आदळली.

पेजचं नाव 'टँकर कुठंय?'. आठ महिने त्यांची ही नात त्यावर फोटो टाकत होती. कागदावर जो टँकर त्यांच्या गल्लीत रिकामा झालेला असायचा, तो फोटोत बीड बायपासच्या नव्या बिल्डिंगीच्या हौदात पाणी ओतताना दिसायचा. नंबरासकट, तारखेसकट. हजारो माणसं बघायची, बोलायची, भांडायची. टँकरचा ठेका असलेल्या नानासाहेबाच्या माणसांनी पेजविरुद्ध एका दिवसात दोनशे खोट्या तक्रारी ठोकल्या आणि ते बंद पाडलं. तेही नेमकं आज, अकरा वाजता महापालिकेच्या साहेबांपुढं टँकरचोरीची सुनावणी असताना.

"मग तुझ्या फोनातले दाखव की."

"पेजवर आहेतच म्हणून काढून टाकले, आजी. फोन भरला होता." हिमानी रडकुंडीला आली. "नवं पेज दोन मिनिटांत काढते. एक पाडलं तर दहा काढीन. पण त्यात टाकू काय?"

सारजाबाई पेटल्या. पाणी चोरलं ते चोरलं, वर आपण बोललो तेच पुसायचं? सत्तर वर्षांत त्यांच्या तोंडावर कुणी हात ठेवला नव्हता. नवऱ्यानं नाही, सासूनं तर नाहीच.

फोटो आणखी एका ठिकाणी होते. ते फक्त त्यांनाच ठाऊक होतं. हिमानीनं दाखवायला धाडलेला प्रत्येक फोटो त्या खुलताबादच्या विहिणीला, चंपाबाईंना, पुढं ढकलायच्या. चंपाबाईंच्या धाकट्या लेकाला सारजाबाईंची लेक कृष्णा दिलेली, आणि थोरला लेक म्हणजे हाच नानासाहेब. लग्नात पाय धुवायला गार पाणी दिलं म्हणून चंपाबाई पंगतीतून उठल्या होत्या. तेव्हापासून बारा वर्षं दोघी एकमेकींशी बोलल्या नव्हत्या. 'बघा तुमच्या दिवट्याचे प्रताप' एवढं फोनला सांगून, त्याच्याकडूनच लिहून घेऊन सारजाबाई रोज फोटो धाडायच्या. चंपाबाई बघायच्या, उत्तर द्यायच्या नाहीत. आणि दर रविवारी, घर झाडावं तसा, सारजाबाई आपल्या फोनातलं सगळं पुसून तो लख्ख करायच्या.

आता मागायचं म्हणजे आधी तोंड उघडायचं. तेही विहिणीपुढं!

साडेनऊ वाजले. सारजाबाईंनी पदर खोचला आणि फोन लावला.

"विहीणबाई, सारजा बोलते."

"बारा वर्षांनी घसा सुटला म्हणायचा!"

"टोमणे मागून मारा, फुरसतीनं मारा. ते फोटो हायेत का तुमच्याकडं?"

"हायेत. दोनशे चाळीस. एक बी पुसला नाय."

"धाडा माघारी." सारजाबाईंनी पदर डोक्यावर ओढला. "पाया पडते तुमच्या."

 पलीकडून उत्तर आलं, "नाय धाडणार."

सारजाबाईंचे कान तापले. शेवटी लेकाचीच आई! त्या फोन आपटणार, एवढ्यात हिमानीनं उडीच मारली. "आजी, आलं! नवं पेज आलं! सगळे फोटो आहेत, तारखेसकट! लोक धडाधड पुढं पाठवताहेत!"

"कुणी काढलं गं?"

हिमानीनं स्क्रीन समोर धरली. वर चंपाबाईंचं नाव, आडनावासकट. शेजारी त्यांचाच फोटो, नाकात नथ घालून काढलेला.

फोनवर चंपाबाई अजून बोलतच होत्या. "रोज चहासंग तुमचं पेज बघते मी. आज दिसंना, तवा समजलं. माझ्या नातीला, राजनंदिनीला म्हणलं, घे, टाक माझ्या नावानं. आत्ता आलता तिचा बाप. पुस म्हणतो! मी म्हणलं, नाना, कर की माझ्यावर बी दोनशे तक्रारी. फक्त एक सांग, कारण काय लिहिशील? 'माझी आई खरं बोलती'?"