सतरावा ठिपका

टेबलावर खडूचे सतरा ठिपके आणि त्यांना जोडणाऱ्या चौतीस रेघा होत्या. प्रत्येक ठिपक्यावर एक बटण ठेवायचं. रेघेच्या दोन्ही टोकांना एकच रंग नको. अशा कुठल्याही जाळ्याला तीन रंग पुरतात, हा माझ्या गणिताच्या सरांचा बावीस वर्षं जपलेला अंदाज. माझा कॉम्प्युटर मात्र नाही म्हणत होता. “मशीनचं नक्को सांगू, त्रिवेणी. बटणं मांड,” आज निवृत्त होणारे सर म्हणाले. सुलतान बाजारची लाल, निळी, पिवळी बटणं मी मांडत राहिले. दर वेळी एक ठिपका रिकामा उरायचा. “माझंच काहीतरी चुकतंय, सर. पण कुठे, ते कळेना.” “सरक.” त्यांनी स्वतः मांडून पाहिलं. एक ठिपका उरलाच. बराच वेळ बघून त्यांनी निरोपासाठी घातलेल्या नव्या शर्टाचं पांढरं बटण तोडलं आणि तिथे ठेवलं. “लिही आता.” ठिपके सतरा, रंग चार.