सातवा उंचवटा

कोकणातल्या खाडीचा तळ कमी खर्चात मोजायचा म्हणून इंद्रायणीकाठी राहणाऱ्या मैत्री नावाच्या इंजिनिअर मुलीनं आपल्या कंपनीतल्या पॅकिंगच्या थर्माकोलची छोटी, रिमोटवर चालणारी होडी केली होती. तिच्या पोटाशी मासे शोधायचं स्वस्तातलं यंत्र बांधलं होतं. पण गणपती विसर्जनात गणराज नावाचा पोरगा इंद्रायणीत बुडाला आणि तिसऱ्या दिवशी त्याची आई दुर्गाबाई महाळुंग्याहून तिच्या दारात येऊन उभी राहिली.

"पोरी, पाण्याखालचं दिसतं म्हणं तुझ्या मशिनीत. माझा गणराज दाव मला."

गणराज बुडाला त्या डोहावर होडी फिरली. मोबाइलवर तळाशी माणसाएवढे सात उंचवटे दिसले. दुर्गाबाई घाटाच्या शेवटच्या पायरीवर उतरली.

पाणबुडे एकेक वर ओढू लागले. पहिला निघाला सोंड मोडलेला प्लास्टरचा गणपती. दुसराही गणपतीच. तिसरा, चौथा, पाचवा, सहावासुद्धा. दर वेळी दुर्गाबाई कपाळ बडवून घ्यायची.

"ह्यो नगं मला! माझं पोर काढा!"

"मावशी, आता एकच राहिलाय," मैत्री हळूच म्हणाली.

पाणबुड्यानं बुडी मारली. तीन दिवसांत पहिल्यांदाच दुर्गाबाईनं हात जोडले.

"देवा, तिथं बी तूच निघ."