बाबांचा आवाज

चौथी डिस्कही बाबा माइकपाशी पोचायच्या आतच अडकली.

"कमाल आहे!" लेक कॉम्प्युटरवर खेकसली. पडद्यावर बाबा चौकोन चौकोन होऊन थिजले होते. ड्राइव्ह नुसतीच घरघर करत होती.

"लागली का गं?" आईनं स्वयंपाकघरातून विचारलं. सकाळपासून सातव्यांदा.

"नाही!"

बाबा गेले तेव्हा लेक दहा वर्षांची, तीही होस्टेलला. त्यांचा चेहरा फोटोत होता. आवाज मात्र ती पार विसरली होती, आणि त्याचं तिला फार वाईट वाटायचं. माळ्यावर या चार डिस्क सापडल्या. बाबांच्या ऑफिसचे समारंभ, त्यात त्यांची भाषणं.

तिनं मऊ फडक्यानं डिस्क मधून कडेला पुसली. टूथपेस्ट चोळली. ड्राइव्हचा वेग कमी केला, प्लेअर बदलला. काही म्हणजे काही होईना. तिचं डोकं चक्रावलं होतं. हाताळून पडलेले ओरखडे वेडेवाकडे असतात. हे गोल गोल, आणि चारही डिस्कवर! तेही आईच्या घरात, जिथं वीस वर्षांच्या कपाला टवका नाही.

"आई, या एवढ्या खराब कशा झाल्या?"

"तूच लहानपणी चाकं करून फिरवायचीस."

"मी होस्टेलला होते!"

"मग मांजरानं केलं असेल."

"आपल्याकडे मांजर कधी होतं?"

आईनं नळ सोडला. लेकीला काहीच कळेना.

शेवटी तिनं कॉपी करणारा एक प्रोग्रॅम लावला. खराब भाग तो पुन्हा पुन्हा वाचायचा, नाहीच जमलं तर सोडून पुढं जायचा. तीन तास गेले. ताटातलं जेवण गार झालं.

आणि बाबा बोलले.

"...माझ्या यशाचं श्रेय माझ्या बायकोला. ती नसती तर मी शून्य असतो."

टाळ्या पडल्या. लेकीला रडू आवरेना. "आई, पळत ये! लागली!"

आई ओल्या हातांनी आली. बसली नाही, दारातच उभी राहिली.

"किती गोड बोलायचे गं बाबा!"

"लोकांसमोर," आई म्हणाली. "चारही डिस्क तारेच्या घासणीनं घासल्या होत्या मी. तरी बोलतोच आहे हा."