सारखे वाटे

शनिवारी सकाळी आठ पस्तीसला मोठ्या जावेने स्वयंपाकघरातला वजनकाटा बाहेर आणला आणि दुसऱ्या मजल्यावरच्या दोन दारांमध्ये, भाजीच्या क्रेटशेजारी ठेवला.

क्रेट सातलाच आला होता. शेतावरून तो दर शनिवारी यायचा. शेतातल्या भाजीचा वाटा सहा महिन्यांचा, पैसे आधीच एकदम भरायचे. त्या आठवड्यात शेतात निघेल ती भाजी, आवडनिवड चालत नाही. समोरासमोरच्या या दोन घरांनी मिळून एक वाटा घेतला त्याला दोन वर्षं झाली होती. अर्धा वाटा शेत देत नाही. पुढच्या सहा महिन्यांचा फॉर्म क्रेटमध्येच होता, पालकाच्या जुडीखाली थोडा भिजलेला. त्यावर दोन्ही घरांची सही हवी होती. टेम्पोवाला नऊला रिकामा क्रेट न्यायला परत यायचा, तेव्हा फॉर्म द्यायचा. नाही दिला तर वाटा यादीतल्या पुढच्या माणसाला.

धाकटीने समोरचं दार उघडलं तेव्हा कोबी मधोमध चिरून झाला होता. वर्तमानपत्रावर दोन ढीग होते आणि मोठी एकेक गाजर काट्यावर ठेवत होती.

"हे काय, ताई? सोनं तोलताय का?"

"बरं असतं. मागाहून बोलायला नको."

"कोण बोलतंय?"

मोठीने मान वर केली नाही. "घरात बोलतात. तुमच्याकडे नाही बोलत?"

बोलत होते. वडिलांचा छापखाना विकायचा की चालवायचा, यावरून दोघींच्या नवऱ्यांचं, सख्ख्या भावांचं, फेब्रुवारीपासून बोलणं बंद होतं. जिन्यात समोरासमोर आले की एक जण बुटाची नाडी बांधायला वाकायचा. एप्रिलमध्ये मुलांचं जाणं-येणं थांबलं. उरली होती ती ही शनिवारची भाजी.

वाटायची रीत दोघींनी ठरवली नव्हती, ती पडून गेली होती. मोठीने ढीग करायचे, धाकटीने आधी उचलायचं. धाकटी नेहमी लहान ढीग उचलायची. हे लक्षात आल्यापासून मोठी चांगलं ते लहान ढिगात घालायची: कोवळी काकडी, पहिले वाटाणे, न दबलेले टोमॅटो. दोघींना सगळं माहीत होतं. तोंडाने कोणी कधी म्हटलं नव्हतं.

"दोन किलो साडेतीनशे," मोठी म्हणाली. "हाही तेवढाच. घे."

"कुठला घेऊ?"

"कुठलाही. सारखेच आहेत."

धाकटी उभीच राहिली.

"हे म्हणतात, आता बाजारातूनच आणू," मोठी काट्याची ताटली पुसू लागली. "रविवारी शाळेच्या मैदानावर शेतकरीच बसतात की. हवं ते घ्यावं, हवं तेवढं घ्यावं. त्यात खोटं काही नाही. आमच्याकडे मुळा कोणी तोंडाला लावत नाही."

"आमच्याकडे तरी कोण खातंय? दोन वर्षं मी तो ऑफिसात वाटतेय."

मोठीला हसू आलं. तिने ते आवरलं. "मग झालं तर. आणि बाजारात भेटूच की आपण."

"बाजारात तुम्ही भाऊजींबरोबर येणार, मी ह्यांच्याबरोबर. तिथे काय बोलणार आपण, ताई? नुसती मान हलवायची?"

खाली हॉर्न वाजला. नऊला तीन मिनिटं होती.

धाकटी खाली बसली. डाव्या ढिगातले दोन टोमॅटो आणि एक काकडी तिने उजव्या ढिगात टाकली.

"अगं, आत्ता मोजलं होतं ना!"

"आता घेता येईल," धाकटी म्हणाली आणि तिने डावा ढीग पिशवीत भरला. मग फॉर्म भिंतीला टेकवून सही केली. भिजलेल्या जागी शाई पसरली. टोपण न लावताच तिने पेन मोठीपुढे धरलं.

मोठीने फॉर्म घेऊन वरपासून खालपर्यंत पाहिला. "सहा महिने," ती म्हणाली. "ह्यांनी विचारलं तर काय सांगू?"

"मी गळ्यात मारला म्हणून सांगा. नाहीतरी भाऊजी मला वाईटच म्हणतात."

"भांडकुदळ म्हणतात. वाईट नाही म्हणत."

मोठीच्या दारामागे पावलं वाजली आणि तिथेच थांबली.

"चष्मा आणते," मोठी हळू आवाजात म्हणाली. पेन आणि फॉर्म घेऊन ती आत गेली. दार तिने नुसतं लोटलं होतं. कडी लागल्याचा आवाज मागाहून आला.

टेम्पोवाला दोन मजले चढून वर आला. "झाल्या सह्या?"

"एक झाली. दुसरी होतेय."

"पुढच्या गल्लीत अजून सहा क्रेट उचलायचेत, बाई."

"पाच मिनिटं थांबा."

तो पायरीवर टेकला. धाकटीने मोठीच्या दारावरच्या घंटेपर्यंत हात नेला आणि मागे घेतला. आत भाऊजींचा आवाज एका पट्टीत चालला होता, मध्ये न थांबता. टेम्पोवाला घड्याळ बघून उठला, रिकामा क्रेट त्याने खांद्यावर घेतला, पण पायऱ्या उतरला नाही. तोही ऐकत होता.

नऊ वाजून चौदा मिनिटांनी आतून मोठीचा आवाज येऊ लागला. शब्द कळत नव्हते.