तीन नंबरचा श्वास

मारोतीबाबांचा श्वास एका रात्रीत तरुण झाला, तेव्हा त्यांच्या लेकीला, रंजनाला, शंका आली. रंजना डोंगरवार कोळशाच्या वीजकेंद्रात मापन अभियंता होती. केंद्रातल्या प्रत्येक वीजसंचाची कार्यक्षमता आता कोळसा आणि वीज एवढ्यावरच ठरत नसे. आसपासच्या चाळीस माणसांच्या छातीवर श्वास मोजणाऱ्या पट्ट्या होत्या, त्यांचा श्वास जितका खालावे तितके गुण कापले जात. पस्तीस गुणांच्या खाली गेलेला संच बंद करावा लागे. तीन नंबरचा संच काठावर होता.

ती घरी गेली. बाबांची पट्टी अंगणात शेळीच्या छातीला बांधलेली होती.

"बाबा, हे काय करून राहिले तुम्ही?"

"तीस वर्षं तीन नंबरची भट्टी राखली मी," बाबा खोकत म्हणाले. "माझ्या खोकल्यापायी तो बंद पडावा का?"

"तुमच्या खोकल्यापायी नाही, बाबा. त्याच्या धुरापायी तुम्ही खोकता."

बाबांनी स्वतःच सदऱ्याच्या गुंड्या सोडल्या. रंजनाने पट्टी त्यांच्या छातीवर बांधली, आणि आठवड्यात तीन नंबरचे गुण पस्तीसच्या खाली आले.

संच बंद करायच्या दिवशी ती त्यांना सोबत घेऊन गेली. बटण त्यांनीच दाबलं. नंतर भट्टीच्या भिंतीवर हात ठेवून ते उभे राहिले, भिंत निवू लागेपर्यंत.

"चला बाबा," रंजना हळूच म्हणाली.

"तोही लई दमला होता, बाई," बाबा म्हणाले आणि तिचा हात धरून निघाले.