खालच्या मजल्यावरची काठी

कळव्यात सूरजच्या घरी त्याच्या पॉप पंक बँडची तालीम रंगली, की खालच्या मजल्यावरचे दौलतकाका काठीने छत ठोकायचे. दचकून सूरज ड्रम सावकाश वाजवायचा. सुसाट गाणं मध्येच असं संथ होणं ऐकणाऱ्या पोरांना भलतंच आवडलं. कॉलेजच्या फेस्टिव्हलपासून मोठ्या मैदानापर्यंत तीच बँडची ओळख झाली. आज घरच्या तालमीत त्यांनी पहिल्यांदाच अख्खं संथ गाणं वाजवलं. संपलं, तरी काठी वाजली नाही. सूरज धावत खाली गेला. “काका, बरे आहात ना? आज ठोकलं नाहीत?” “आवाजाचा मला कसला त्रास रे? उभा जन्म लग्नांत ढोल वाजवला मी. तू वाजवताना लय सोडून पळायचास, तुमच्या बँडमधल्या गाणाऱ्या पोरीला दम लागायचा, म्हणून ठोकायचो.” काकांनी हातातली काठी कोपऱ्यात ठेवली. “आज पूर्ण गाणं ही धरून बसलेलो. एकदाही उचलावी लागली नाही.”